‘माणूस तर बरा दिसतोय’: मेंदूच्या दुखापतीची रास्त भरपाई

ताई, आधी तुमची हकीकत थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान ३६ वर्षांचे, लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक, पगार २६,०००. पाच महिन्यांपूर्वी भांडुपला एलबीएस रोडवर टेम्पोने त्यांच्या स्कूटरला मागून ठोकलं. मेंदूत रक्तस्राव झाला, कवटी उघडून ऑपरेशन झालं, अकरा दिवस आयसीयूत काढले. आता ते चालतात, बोलतात, हाताने जेवतात. मात्र कामावर रुजू झाले आणि चौथ्याच दिवशी सुपरवायझरने घरी पाठवून दिलं. मग विमा कंपनीकडून एक गृहस्थ आले, चहा प्यायले, ‘माणूस तर बरा दिसतोय’ म्हणाले आणि सहा लाखांत लोकअदालतीत मिटवून टाकू असं सुचवून गेले. दीर म्हणतात घेऊन टाका. मामा म्हणतात, पूर्ण बरा होऊ दे, मग बघू. तुम्ही विचारलंय की रास्त रक्कम किती.

दीर आणि मामा, दोघांचंही ऐकू नका. आकड्यावर नंतर येते. आधी मामांचं, कारण त्यात घाई आहे.

मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली. १९९४ पासून तोवर अशी मुदतच नव्हती. त्यामुळे ‘सावकाश करा, काही बिघडत नाही’ हा सल्ला जुन्या लोकांच्या तोंडी अजून असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तुमचा दावा त्या वादात कशाला अडकवायचा? पाच महिने उलटले आहेत, म्हणजे हातात चार आठवडे आहेत. पोलिसांनी ट्रिब्युनलला (मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला) पाठवायचा अपघाताचा सविस्तर अहवाल हाच अर्ज म्हणून धरता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. पोलीस ठाण्यातून तो गेला की नाही याची चौकशी जरूर करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कलम १६६ खाली आपला अर्ज आपण टाकायचा. तुम्ही मुंबईत राहता, तेव्हा मुंबईच्या ट्रिब्युनलमध्ये तो टाकता येतो. अपघात उद्या महाडला झाला असता तरी टाकता आला असता.

अर्ज टाकण्यासाठी माणूस पूर्ण बरा असण्याची गरज नाही. अपंगत्व किती, हे पुढे पुराव्याच्या वेळी सिद्ध करायचं असतं. आज फक्त दार उघडून ठेवायचं. शिवाय व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे उशीर केला तर तेवढ्या महिन्यांचं व्याजही गेलं.

आता दिरांचं. सहा लाख का घ्यायचे नाहीत हे सांगताना मला माझीच चूक सांगावी लागेल. वकिली सुरू करून चार वर्षं झाली होती. कुर्ल्याचा एक रिक्षावाला, डोक्याला मार, आठ महिन्यांत छान सुधारला. मी लोकअदालतीत तडजोड करून दिली आणि घरचे पेढे घेऊन आले. दीड वर्षाने त्याला पहिली फिट आली. मेंदूला मोठा मार लागलेल्या माणसाला फिट महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होऊ शकते, हे तेव्हा मी कोणा न्यूरोसर्जनला विचारलंच नव्हतं. फिट येणाऱ्याला गाडी चालवता येत नाही. रिक्षा गेली. आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील होत नाही. तेव्हापासून डोक्याच्या दुखापतीची केस पहिल्या वर्षात मिटवायला मी तयार होत नाही, समोरून कितीही गोड बोलले तरी.

माझ्या मते या केसेसमध्ये खरी अडचण एकच असते. पाय गेला तर न्यायाधीशांना तो दिसतो, पण मेंदूचा मार कोणाला दिसत नाही. टाके केसांखाली झाकले जातात, माणूस इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात येतो आणि नाव-गाव बरोबर सांगतो. त्याच्यात काय गेलं हे फक्त घरातल्यांना माहीत असतं, आणि घरातले ते लाजेने सांगत नाहीत. ‘हो, बरे आहेत, जरा चिडचिड करतात.’ तुमच्या पत्रात हे वाक्य जसंच्या तसं आहे. या ‘जरा’मागे काय काय दडलंय, ते कागदावर आणायचं आहे.

एक शंभर पानी वही घ्या. आजपासून रोज दोन ओळी, तारीख घालून. ‘चिडचिड करतात’ असं लिहू नका, काय घडलं ते लिहा. माझ्या एका पक्षकाराच्या बायकोच्या वहीतल्या नोंदी अजून आठवतात. ‘दूध उतू गेलं. समोरच उभे होते. बघत राहिले, गॅस बंद केला नाही.’ ‘मुलीने पेन्सिल मागितली म्हणून थाळी फेकली. दहा मिनिटांनी विचारलं, ती रडते का?’ ‘स्टेशनवरून घरी यायला दोन तास लागले. कुठे होते ते सांगता येत नाही.’ ती बाई आठवी शिकलेली. पण साक्षीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी तिला तासभर उलटसुलट विचारलं आणि एकही नोंद खोटी पाडता आली नाही.

नवऱ्याच्या खोलीत उघडी ठेवू नका ती वही. आपल्याबद्दल कोणीतरी लिहून ठेवतंय हे त्यांना कळलं तर त्रास होईल, आणि तो त्रास अगदी खरा आहे.

घरचा पुरावा झाला, आता दवाखान्याचा. डिस्चार्ज कार्डावर शेवटी दोन शब्द असतात, ‘कॉन्शस, ओरिएंटेड’. म्हणजे शुद्धीवर आहे, स्थळ-काळ-माणसं ओळखतो. विमा कंपनी सगळी केस या दोन शब्दांवर उभी करते. त्याला उत्तर म्हणून कॅज्युअल्टीचा पहिला कागद लागतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो आहे, कोपऱ्यात ‘ई२ व्ही२ एम४’ असं काहीतरी खरडलंय. डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे हे गुण, बेरीज ८. ही ग्लासगो कोमा स्केल ३ पासून १५ पर्यंत जाते आणि ८ किंवा त्याखाली असेल तर दुखापत गंभीर धरतात. ज्याला आज ‘बरा दिसतोय’ म्हणतात, तो त्या रात्री कुठे होता ते या तीन आकड्यांत आहे. म्हणून फक्त डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. मेडिकल रेकॉर्ड विभागात अर्ज करून संपूर्ण इनडोअर केस पेपर काढा, नर्सिंग नोट्ससकट. रात्रपाळीच्या सिस्टरने लिहिलेलं ‘पेशंट बेड सोडून पळण्याचा प्रयत्न, हात बांधावे लागले’ हे एक वाक्य मोठ्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलतं.

नॉर्मल सीटी स्कॅन दाखवून कोणी गप्प करायला आलं तर गप्प बसू नका. जोराच्या हिसक्याने मेंदूतले बारीक तंतू जागोजाग ताणले-तुटले जातात. ते सीटीवर पुष्कळदा दिसतच नाही, एमआरआयवर दिसण्याची शक्यता जास्त असते. आणि एमआरआयसुद्धा स्मरणशक्ती मोजत नाही. ती मोजण्यासाठी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी असते, दोन-तीन तासांची. पंधरा शब्द वाचून दाखवतात, परत म्हणायला लावतात, मध्ये दुसरं काम देतात आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायला देतात, वेळ लावून. त्यात लक्ष, वेग, नियोजन, स्वतःला आवरण्याची शक्ती हे सगळं वेगवेगळं दिसतं. एक चाचणी आत्ता करून घ्या, दुसरी अपघाताला वर्ष झाल्यावर. केईएम किंवा नायरच्या मानसोपचार विभागात चौकशी करा, नंबर लागायला वेळ लागतो. हाजीअलीच्या केंद्रीय पुनर्वसन संस्थेत उपचारही सुरू करता येतील. दाव्यासाठी म्हणून हे सांगत नाही, त्यांना त्याची गरज आहे.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबाबत फार लोक फसतात. मेडिकल बोर्डासमोर हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात तर डाव्या हाताची ताकद मोजून १५ टक्के लिहून मिळेल, आणि विसरण्याचं, भडकण्याचं, काम अर्धवट सोडण्याचं नाव कुठेच येणार नाही. न्यूरोलॉजी आणि मानसोपचार, दोन्हीकडचं मूल्यमापन मागा. आणि कोर्टाच्या आवारात अर्ध्या तासात ६० टक्के लिहून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्यांनी उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरांच्या या तयार प्रमाणपत्रांबाबत सावध राहा, असं सर्वोच्च न्यायालयाने ट्रिब्युनलना २०११ मध्येच बजावलंय. असा एक कागद आत गेला की तुमच्या खऱ्या कागदांकडेही संशयाने बघतात.

तोच निकाल, राजकुमार विरुद्ध अजयकुमार, तुमच्या कामाचा गाभा आहे. शरीराचं अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न, आणि त्यामुळे त्या माणसाची कमाई किती टक्के गेली हा वेगळा प्रश्न. न्यायालयाने दिलेलं उदाहरण सोपं आहे. डावा हात कापला गेला तर अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरतील. पण तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर कमाई जवळपास १०० टक्के बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित काहीच नाही.

लालबागच्या मिरची गल्लीत मसाला भाजून देणाऱ्या एका मावशींची केस मी चालवली. बसच्या धक्क्याने त्या पाठीवर पडल्या, डोकं फुटपाथवर आपटलं. हातपाय धड, स्मरणशक्ती ठीक. फक्त वास गेला. डोक्याच्या मागे जोरात मार बसला की नाकाकडून मेंदूत जाणारे तंतू तुटू शकतात. प्रमाणपत्रावर त्याला काय किंमत? जवळपास शून्य. पण धणे कधी उतरवायचे, खोबरं खरपूस झालं की करपलं, हे त्या तीस वर्षं नाकाने ठरवत होत्या. उलटतपासणीत वकीलसाहेब म्हणाले, ‘डोळ्यांनी रंग दिसतो ना?’ मावशी म्हणाल्या, ‘साहेब, रंग दिसेपर्यंत मसाला जळालेला असतो.’ न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं.

तुमच्या यजमानांचं तसंच आहे. लिफ्टच्या माथ्यावर उभं राहून काम करायचं तर आधी कुठला स्विच बंद करायचा, मग काय, मग काय, हा क्रम चुकून चालत नाही. सुपरवायझरने त्यांना परत पाठवलं ते रागाने नव्हे, घाबरून. त्याला भेटा. त्या चार दिवसांत काय झालं ते कंपनीच्या लेटरहेडवर मिळालं तर उत्तम, नाहीतर तो साक्षीला येईल का ते विचारा. माझ्या दृष्टीने तुमच्या केसमधला सगळ्यात मोठा साक्षीदार न्यूरोसर्जन नाही, हा सुपरवायझर आहे.

आता आकडा. पगार २६,०००. कायम नोकरी सिद्ध झाली नाही तरी चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जोडतात, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरलंय (कायम नोकरी असेल तर ५० टक्के). म्हणजे महिना ३६,४००, वर्षाचे ४,३६,८००. वय ३६ ते ४० असेल तर गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा) १५, हा २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातला. गुणाकार ६५,५२,०००. ही शंभर टक्के कमाई बुडाली तरची रक्कम. ट्रिब्युनलने ७० टक्के धरली तर ४५,८६,४००, आणि ४० टक्केच धरली तरी २६,२०,८००. माणूस हयात असताना स्वतःच्या खर्चापोटी यातून काही कापत नाहीत. हा फक्त एक रकाना झाला. आता ते सहा लाख याच्या शेजारी ठेवून बघा.

दुसरा मोठा रकाना सोबतीचा. तुम्ही शिवणाच्या वर्गाची नोकरी सोडलीत, कारण त्यांना एकटं ठेवता येत नाही. ‘बायकोच करते, पगार कुठे द्यावा लागतो’ असं समोरून म्हणतील. घरच्यांनी केलेल्या सेवेलाही मोल असतं, असं धरून भरपाई मागता येते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सोबतीचा खर्चही गुणक लावूनच काढला, महिना १०,००० धरून २१,६०,०००, आणि एकूण भरपाई ६२,२७,००० दिली. तिची अवस्था कितीतरी वाईट होती, तुलना करू नका. पद्धत मात्र तीच. महिना ८,००० सिद्ध झाले तर १५ च्या गुणकाने १४,४०,००० होतात. ट्रिब्युनल एवढे देईलच असं नाही. पण मागितलं नाही, त्यावर पुरावा दिला नाही, तर कोणी आपणहून द्यायला येत नाही.

झालेली बिलं, पुढची औषधं, वेदना, रिक्षा-टॅक्सी, खास आहार, आयुष्यातला हरवलेला आनंद हे बाकीचे रकाने तुमचे वकील भरतील. औषधाच्या दुकानाची पावती थर्मल कागदाची असेल तर आजच झेरॉक्स काढा, सहा महिन्यांत ती कोरी होते. आणि मेडिक्लेमने दिलेले पैसे भरपाईतून वजा होतील ही भीती काढून टाका. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते वजा करायचे नाहीत असा निर्णय दिला आहे.

पगाराबद्दल एक खाच आहे. तुम्ही लिहिता की २६,००० पैकी १८,००० बँकेत येत आणि बाकी ओव्हरटाइमचे रोख. रोखीचं सिद्ध करायला हजेरीपट किंवा मालकाची साक्ष लागेल. तिथे मालक कचरतात, त्यांची स्वतःची कारणं असतात. नाही जमलं तर १८,००० वर हिशेब होईल आणि वरचे सगळे आकडे त्या प्रमाणात खाली येतील. हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

अपघाताच्या वेळी ते एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जात होते का? तसं असेल तर मालकाकडून कामगार म्हणून भरपाई मागण्याचा दुसरा रस्ताही निघतो. पण दोन्हीकडे मागता येत नाही, एकच निवडावा लागतो. तुमच्या केसमध्ये ट्रिब्युनलचाच रस्ता बहुधा मोठा ठरेल.

अर्जावर सही कोणी करायची? ते सही करू शकतात, पण कशावर करतोय ते कळतं का? शंका असेल तर तुम्ही त्यांच्या वतीने ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणून दावा लावायचा, आणि त्यासाठी डॉक्टरांचं पत्र जोडायचं. हे अवघड असतं, नवऱ्याला मी समजूत नसलेला ठरवते आहे असं वाटतं. एका पक्षकार बाईने याच कारणाने वर्षभर कागद अडवून ठेवला होता. न्यायाधीश भरपाईतली बरीच रक्कम मुदत ठेवीत ठेवायला लावतात, तेव्हाही ही गोष्ट निघतेच. बेशुद्धावस्थेतल्या रुग्णाच्या पत्नीला मुंबई उच्च न्यायालयाने पालक नेमल्याची उदाहरणं आहेत, पण तुमच्यावर ती वेळ नाही.

विमा कंपनी तपासनीस पाठवेल. तुमच्या यजमानांचा बाजारातून पिशवी घेऊन येतानाचा व्हिडिओ निघेल. निघू दे. ‘ते चालू शकत नाहीत’ असं आपण कुठे म्हटलंच नाही, आणि म्हणूही नका. वहीत त्या दिवशी लिहिलं असेल की कोथिंबीर आणायला गेले आणि तीन वेळा बटाटेच घेऊन आले, तर तो व्हिडिओ आपल्या कामाचा.

वकील बघताना वॉर्डात येऊन कार्ड वाटणाऱ्यांपासून जपा. ‘फी नको, मिळतील त्यातले २५ टक्के’ हा सौदा बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, निकालाच्या रकमेवर फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि दिव्यांग व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

मुंबईत डोक्याला मार लागतो तो लोकलमधूनही, आणि तसे प्रश्न मला नेहमी येतात, म्हणून दोनच वाक्यं. लोकलमधून पडून दुखापत झाली तर दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षाच्या आत करायचा. तिथे दुखापतीच्या प्रकारानुसार रक्कम ठरलेली असते, जास्तीत जास्त आठ लाख, आणि तिकीट हरवलं म्हणून दावा आपोआप बाद होत नाही.

शेवटी हेल्मेट. पंचनाम्यात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे ‘घातलंच नव्हतं’ असं म्हणून ते भरपाईत कपात मागतील. तुम्ही लिहिता की घातलं होतं, रस्त्यावर एका फुलवाल्याने उचलून नंतर भावाकडे दिलं आणि ते तसंच माळ्यावर पडून आहे. त्या फुलवाल्याचं नाव आणि फोन नंबर आजच मिळवा. आणि हेल्मेट धुवू नका, पुसूही नका. फोटो काढा, जुन्या चादरीत गुंडाळा, आणि वकिलांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा बरोबर घेऊन जा.